पुढे कोण उभे राहणार?

एस.टी. स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक बदल सहज दिसतो. पूर्वी तेथे रहस्यकथा, पाककृती, पंचांगे आणि स्पर्धापरीक्षांची गाईडे असत. आता त्यांच्या शेजारी, किंबहुना त्यांच्या डोक्यावर, व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तके येऊन बसली आहेत. नेता कसे व्हावे, लोकांवर छाप कशी पाडावी, यश कसे खेचून आणावे. शाळा-महाविद्यालयांतून नेतृत्वगुणांची शिबिरे भरतात आणि शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रही मिळते. आपल्या मोहल्ल्यातली मुले ही पुस्तके वाचतात, शिबिरांना जातात, आणि त्यात वाईट काही नाही. ज्या मुलाच्या तोंडून चारचौघांत शब्द फुटत नव्हता, तो दोन वाक्ये नीट बोलू लागला तर आनंदच आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. या पुस्तकांत नेतृत्व ही स्वतःत भर घालण्याची गोष्ट असते. नवा सदरा अंगावर चढवावा तसे आत्मविश्वास, वक्तृत्व, वेळेचे नियोजन असे एकेक गुण चढवत जायचे आणि शेवटी आरशात पाहायचे. ज्यांचे नेतृत्व करायचे ती माणसे या आरशात कुठेच दिसत नाहीत. ती फक्त टाळ्या वाजवायला असतात. तेव्हा प्रश्न असा की, पुढे उभे राहणाऱ्या माणसाची वाढ नेमकी कशाने होते? गुण मिळवण्याने, की लोकांना जाब देण्याने?

हा प्रश्न विचारायला यवतमाळ जिल्ह्याइतकी योग्य जागा दुसरी नाही. या जिल्ह्याला पुढाऱ्यांचा तुटवडा कधीच पडला नाही. १८८० साली वणीत जन्मलेल्या माधव श्रीहरी अणे यांना लोकांनी 'लोकनायक' ही पदवी दिली. वकिली करणारा, पन्नाशीला आलेला हा माणूस जुलै १९३० मध्ये पुसदजवळच्या जंगलात गेला, हाती विळा घेऊन सरकारी राखीव रानातले गवत कापले आणि अटक करवून घेतली. कायदा जाणणाऱ्याने समजून-उमजून कायदा मोडला होता. मला त्यातला विळा महत्त्वाचा वाटतो. गवत कापणे हे वकिलाचे काम नव्हे. ते ज्याचे रोजचे काम होते, त्याच्या कामात वकील उतरला. जंगलाच्या कायद्याचा काच कोणाला बसतो हे समजावून सांगायला मग वेगळे भाषण करावे लागले नाही.

त्याच पुसद तालुक्यातील गहुली या छोट्या गावात १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईक जन्मले. घर बंजारा समाजाचे. तांड्याच्या प्रमुखाला नायक म्हणतात, आणि हा नायक एकटा निर्णय करीत नाही. त्याच्याबरोबर कारभारी असतो, पंच असतात, तांडा बसतो. 'नाईक' हे आडनाव त्या जबाबदारीतूनच आले. हा मुलगा शिकला, वकील झाला, पुसदचा नगराध्यक्ष झाला आणि डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ अशी सलग अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचा मुख्यमंत्री राहिला. इतका दीर्घ काळ राज्याचे मुख्यमंत्रिपद दुसऱ्या कोणाला मिळालेले नाही. संकरित बियाणे शेतकऱ्यांपर्यंत नेण्याचा त्यांचा आग्रह प्रसिद्ध आहे. दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, अशा अर्थाचे त्यांचे शनिवारवाड्यावरचे बोल आजही लोक सांगतात. १९७२ च्या भीषण दुष्काळात रोजगार हमीची कामे राज्यभर निघाली. कल्पना वि. स. पागे यांची, तिच्यामागे सरकारची ताकद उभी केली ती नाईकांनी. हातात खडी फोडायचा हातोडा घेतलेल्या लाखो माणसांच्या घरी त्या वर्षी चूल पेटली. १ जुलै हा दिवस राज्यात कृषिदिन म्हणून पाळतात, तो उगीच नव्हे.

एवढे मोठे नेतृत्व ज्या मातीत रुजले त्याच मातीतली दुसरी तारीख १९ मार्च १९८६ ही आहे. पुसदला लागून असलेल्या महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे. शेतकरी, एकेकाळी गावचे सरपंच, भजन-संगीतात रमणारा माणूस. त्या दिवशी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे ते, त्यांची पत्नी आणि चार मुले अशा सहा जणांचा अंत झाला. महाराष्ट्रातील पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून तिची नोंद केली जाते. पुढे या जिल्ह्याचे नावच अशा बातम्यांशी जोडले गेले. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यात यवतमाळ होतेच. मार्च २०१४ मध्ये नरेंद्र मोदी आर्णी तालुक्यातील दाभडी गावी 'चाय पे चर्चा' करून गेले. मोठी माणसे आली, बोलली आणि गेली.

एखाद्या नेत्यामुळे एखादी आत्महत्या झाली, असा सरळ हिशेब मी मांडत नाही. कापसाचे भाव, कोरडवाहू जमीन, कर्ज, बियाणे, शेतीला जखडणारे कायदे या सर्वांचा तो गुंता आहे. पण करपे हे सरपंच होते, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. गावात ज्याच्या दाराशी लोक अडचण घेऊन येतात, त्याने स्वतःची अडचण घेऊन कोणाच्या दाराशी जायचे? नेतृत्वाची पुस्तके सांगतात, नेत्याने कमकुवतपणा दाखवू नये. या एका सल्ल्याने किती कर्त्या माणसांची तोंडे बांधली असतील! आपल्या खेड्यांत कर्ता पुरुष म्हणजे न रडणारा, न मागणारा, सावकाराकडे जायचे तर अंधार पडल्यावर जाणारा. मोठेपणाचा हा नमुना आपणच घडवला आणि त्याच्याखाली माणसे दबली.

या प्रश्नाला भिडणारी एक रीत आपल्या डोळ्यांसमोर दिवसातून पाच वेळा घडते, आणि रोज घडते म्हणूनच तिच्याकडे लक्ष जात नाही. जमातीची नमाज घ्या. इमाम सर्वांच्या पुढे उभा असतो, पण किती पुढे? फक्त एका सफेचे अंतर. त्याच्यासाठी उंच मंच नसतो. ज्या जमिनीवर मागचे उभे, त्याच जमिनीवर तो. सभेतला पुढारी लोकांकडे तोंड करून उभा राहतो. इमामाचे तोंड मात्र लोकांचे तोंड ज्या दिशेला आहे त्याच दिशेला असते. पठण किती लांबवायचे हे त्याच्या आवाजाच्या गोडव्यावर ठरत नाही, मागच्या म्हाताऱ्याच्या गुडघ्यांवर ठरते. हजरत मुआज यांनी इशाची नमाज फार लांबवली तेव्हा दिवसभर राबून आलेल्या माणसाने तक्रार केली आणि पैगंबरांनी त्या थकलेल्या माणसाची बाजू घेतली, हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे.

आणि इमाम आयत विसरला तर? मागून कोणीही लुकमा देतो. तो देणारा तेरा वर्षांचा हाफिज मुलगाही असू शकतो. इमाम ते शब्द उचलतो आणि पुढे जातो. त्याची मान खाली जात नाही आणि मुलाला कोणी उद्धट म्हणत नाही. वुजू तुटला तर इमाम मागे होतो, मागच्यातल्या एकाला पुढे करतो आणि नमाज चालू राहते. 'मला आता हे जमत नाही' हे न बोलता सांगण्याची सोय तेथे आहे. गावच्या सरपंचाला, घरच्या कर्त्याला, संस्थेच्या अध्यक्षाला अशी सोय आपण ठेवली आहे काय? मशिदीत लुकमा चालतो. त्याच मशिदीच्या ट्रस्टच्या मीटिंगमध्ये मात्र कोणी हिशेबावर शंका काढली की आवाज चढतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

यातली आणखी एक बारीक गोष्ट मला पूर्वी फक्त मसला म्हणून पाठ होती. नमाजीत इमामाकडून चूक झाली तर सजदा-ए-सहव त्याच्याबरोबर मागच्या सर्वांना करावा लागतो, ज्यांनी काहीही चुकवले नाही त्यांनासुद्धा. उलट इमामाच्या मागे उभ्या असलेल्याकडून तशी चूक झाली तर त्याला वेगळा सजदा करावा लागत नाही. पुढच्याची चूक सगळ्यांच्या कपाळाला लागते आणि मागच्याची पुढच्याच्या छायेत झाकली जाते.

हे नाते बाहेरच्या जगात उलटे झाले की काय होते, ते यवतमाळने २०१७ साली पाहिले. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या त्या दिवसांत कपाशी पुरुषभर वाढली होती आणि किडीचा जोर होता. कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. बियाणे कोणी विकले, औषधांचे मिश्रण कोणी सुचवले, तपासणी कोणी करायची होती, असे पुष्कळ प्रश्न होते. पण चर्चा पुनःपुन्हा एकाच गोष्टीवर येऊन थांबे : फवारणाऱ्याने हातमोजे का घातले नाहीत? तोंडाला मास्क का बांधला नाही? ऑक्टोबरच्या उन्हात, पाठीवर पंप घेऊन रोजंदारीने चालणाऱ्या मजुराला हे विचारायचे. पुढे उभे असणाऱ्यांची चूक येथे मागच्याच्या खात्यावर लिहिली गेली.

सुधाकरराव नाईकांचे नाव येथे टाळून चालणार नाही. वसंतरावांचे हे पुतणे जून १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगली त्यांच्याच कारकिर्दीत घडल्या. त्या काळातील राजकीय नेतृत्वाच्या कचखाऊपणावर आणि परस्परविरोधी आदेशांवर श्रीकृष्ण आयोगाने ठपका ठेवला. १९९८ साली बाहेर आलेला तो अहवाल आपल्या पिढीला विसरता येणार नाही. मार्च १९९३ मध्ये शरद पवार मुख्यमंत्री झाले. पद गेल्यानंतरच्या काळात सुधाकररावांनी जलसंधारणाचा ध्यास घेतला. पावसाचे पाणी शिवारातच अडवा, हे ते गावोगाव सांगत राहिले. १० मे हा त्यांचा स्मृतिदिन जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो.

मग या माणसाचे माप कसे घ्यायचे? व्यक्तिमत्त्व विकासाच्या भाषेत हे सोपे आहे. अपयशातून शिकला, नवे ध्येय शोधले, वाढला. पण ज्या घरातला मुलगा त्या जानेवारीत परत आला नाही, त्या घराला या वाढीचे काय? आपल्या वाढीची किंमत दुसऱ्याने चुकवली असेल तर तिला वाढ म्हणावे का? माझे मत असे की, पाण्याचे काम खरे होते आणि त्याचा उपकार विदर्भातल्या कोरड्या शिवारांवर आहे. पण त्या कामाने दंगलीचा हिशेब मिटत नाही. हे दोन्ही हिशेब वेगवेगळ्या वह्यांत लिहावे लागतील. एका पानावरची जमा दुसऱ्या पानावरच्या नावे रकमेत वळती करण्याची आपली सवय वाईट आहे. पुढाऱ्यांना ती फार सोयीची पडते.

आता दोन बायकांविषयी. जुलै २००८ मध्ये राहुल गांधींनी लोकसभेत मारेगाव तालुक्यातील जळका गावच्या कलावती बांदूरकर यांचे नाव घेतले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची ही विधवा एका रात्रीत देशभर माहीत झाली. पण लक्षात घ्या, ती स्वतः काही बोलली नव्हती. तिच्याविषयी बोलले गेले होते. दुसऱ्याच्या भाषणात ती उदाहरण होती. तिच्या नावाचा उल्लेख पुढेही वर्षानुवर्षे या ना त्या पक्षाच्या तोंडी येत राहिला.

दुसरी वैशाली येडे. कळंब तालुक्यातील राजूर गावची, अंगणवाडीत मदतनीस, शिवणकाम करून दोन लेकरांना वाढवणारी. २०११ मध्ये तिच्या शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केली. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण ऐनवेळी मागे घेतले गेले. त्यावरून जे काही झाले ते साहित्यिकांच्या जगाला भूषणावह नव्हते. कोणी बहिष्कार टाकला, कोणी राजीनामा दिला, कोणी गप्प बसले. आणि त्या रिकाम्या जागी वैशालीताईंना बोलावले गेले. संयोजकांनी अडचणीतून काढलेली ही वाट होती हे उघड आहे. ती सहगलबाईंवरील अन्यायाची भरपाई नव्हती, आणि तसे भासवणे बरोबरही नाही.

पण मंचावर गेल्यावर त्या बाईने जे केले ते संयोजकांच्या हातचे नव्हते. आपल्यासारख्या बायांवर वेळ येते तेव्हा दिल्लीची नव्हे तर गल्लीतली बाईच धावून येते, अशा आशयाचे बोलणे तिने वऱ्हाडी वळणाने, न अडखळता मांडले. आपण कोणाच्या कीव करण्यासाठी उभ्या नाही, हे समोर बसलेल्या पुस्तकवाल्यांना सांगितले. तिने कोणते शिबिर केले होते? 'तेरवं' या नाटकात ती आणि तिच्यासारख्या काही स्त्रिया काम करीत होत्या, हे खरे. पण त्याआधी अनेक वर्षे ती सासर, माहेर, अंगणवाडी, मदतीच्या अर्जांची फाईल आणि लोकांच्या नजरा यांना रोज उत्तर देत होती. उत्तर देण्याची सवय तेथे झाली. माईक नंतर आला. पुढे त्याच वर्षी तिने यवतमाळ-वाशीम मतदारसंघातून लोकसभेची निवडणूक लढवली आणि ती हरली. हरणाऱ्यांची चरित्रे स्टॉलवर मिळत नाहीत, त्यामुळे हा भाग कोणत्याही पुस्तकात येणार नाही.

अशी माणसे प्रत्येक वस्तीत असतात. आमच्या मोहल्ल्यात एक खाला भिशी चालवीत. वीस बायका, दरमहा ठरलेली रक्कम, स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या. भिशी चालवणारी बाई साधारणपणे पहिला नंबर स्वतःला ठेवते, तसा रिवाजच आहे. या खाला शेवटचा नंबर घेत. कारण विचारले तर म्हणाल्या, "अगं, कोणी मध्येच बुडवले तर ज्याचा नंबर राहिला त्याचे पैसे जातात. मग माझेच जाऊ देत. तुमचे गेले तर तुम्ही मला शिव्या देणार, आणि शिव्या मला पचत नाहीत." त्यांना लिहिता येत नव्हते. नात वहीत आकडे मांडी आणि खाला प्रत्येकीसमोर ती वही मोठ्याने वाचायला लावीत. पुढे बँकेत खाते उघडायला आठ-दहा जणींना घेऊन त्याच गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा बँकेची पायरी त्या दिवशी चढल्या, त्याही या बायकांमुळे. स्वतःपुरते असते तर त्या गेल्या नसत्या. वाढ म्हणतात ती अशी, पाठीमागे उभ्या असलेल्यांच्या रेट्याने होते.

कापूस वेचणाऱ्या बायांच्या टोळीतही हेच. किलोमागे किती घ्यायचे हे शेतमालकाशी बोलणारी एक असते. ती बहुधा जास्त वेचणारी नसते, तोंडाने खमकी असते. संध्याकाळी काट्यावर गाठोडी लागतात तेव्हा ती काट्याजवळ उभी राहते, आणि ज्या म्हातारीचे गाठोडे हलके असते तिचे आधी मोजून घेते, म्हणजे तिला अंधारात मागे रेंगाळावे लागू नये. मजुरी तिलाही तेवढीच, किलोवर. या उभे राहण्याचा वेगळा पैसा नाही.

या संदर्भात अमर हबीब यांच्याविषयी लिहिलेच पाहिजे. अंबाजोगाईचे हे लेखक-पत्रकार, किसानपुत्र आंदोलनाचे प्रवर्तक. जमीनधारणा, आवश्यक वस्तू आणि भूसंपादन या विषयांवरचे कायदे शेतकऱ्याच्या पायातल्या बेड्या आहेत, अशी त्यांची मांडणी. ती सर्वांना पटते असे नाही. माझेही सीलिंगच्या मुद्द्यावर त्यांच्याशी जुळत नाही, कारण भूमिहीनांचा प्रश्न मला तेथे सुटलेला दिसत नाही. पण २०१७ पासून त्यांनी एक साधी हाक दिली. १९ मार्चला, करपे कुटुंबाच्या स्मरणार्थ, एक दिवस अन्नत्याग करा. मंच हवा असे नाही, वर्गणी नको, झेंडा नको. शिक्षकाने शाळेत राहून करावा, नोकरदाराने कचेरीत बसून, परदेशी गेलेल्या शेतकऱ्याच्या मुलाने तिथल्या तिथे करावा. यात पुढे कोण आणि मागे कोण हेच ठरवता येत नाही. हाक देणारा एक मराठी मुसलमान, ज्याच्यासाठी हाक दिली तो कुटुंबकबिल्यासह गेलेला मराठा शेतकरी. या दोन्ही नावांना जोडून कोणी काही वेडेवाकडे बोलल्याचे माझ्या कानावर आलेले नाही, आणि आजच्या दिवसांत ही गोष्ट लहान नाही.

२०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी १९ मार्च रमजानमध्ये आला. आपल्यातल्या एका तरुणाने तेव्हा मला विचारले, "रोजा तर आहेच. मग अन्नत्यागात मी वेगळे काय करणार? उपाशी तर मी कालही होतो, उद्याही असेन." मी त्याला म्हटले, रोजाची नियत एकच असते, तिच्यात भागीदारी करू नकोस. त्याला ते पटले, पण समाधान झाले नाही. इफ्तारला अर्धा तास राहिला होता. तो उठला, मोटारसायकल काढली आणि गावाबाहेर ज्याच्या शेतात त्याचे वडील बटईने राबत, त्या शेतकऱ्याच्या घरी गेला. यंदा कपाशीला किती भाव मिळाला, कर्ज किती राहिले, एवढेच त्याला विचारायचे होते. अजान झाली तेव्हा तो त्यांच्याच ओट्यावर बसलेला होता, आणि घरच्या म्हातारीने तांब्याभर पाणी आणून त्याच्यापुढे ठेवले.